धूर मोजला, श्वास मोजायचा राहिला

सुरतेत धुराचा बाजार चालतो. कापड रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या मिला तिथे एकमेकींकडून धूलिकण सोडण्याचे परवाने किलोच्या भावाने विकत घेतात. चिमणीत बसवलेले यंत्र रात्रंदिवस धूर मोजते आणि आकडा गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातो. ज्या मिलने आपल्या वाट्यापेक्षा कमी धूर सोडला तिच्याकडे परवाने शिल्लक राहतात. जिने जास्त सोडला तिला ते विकत घ्यावे लागतात, नाहीतर दंड भरावा लागतो. २०१९ साली हा बाजार सुरू झाला. धूलिकणांसाठी अशी व्यवस्था जगात पहिल्यांदा उभी राहिली ती इथेच. या बाजारात सामील असलेल्या चिमणीतून काल रात्री किती धूर निघाला, हे आज सांगता येते. त्या चिमणीजवळ राहणाऱ्या मुलाची फुप्फुसे वयाप्रमाणे वाढताहेत की नाही, हे सांगणारी व्यवस्था मात्र नाही. सुरतेतल्या भेस्तान भागाच्या निमित्ताने या साऱ्या प्रश्नाचा आढावा घ्यावासा वाटतो तो या विसंगतीमुळे.

मुंबईहून सुरतेला जाताना सचिन सोडले की भेस्तान लागते, आणि मग उधना. एका बाजूला सचिनची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला पांडेसऱ्याची, आणि मध्ये दाट वस्ती. उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली, पांडेसरा, भेस्तान हा सगळा पट्टा मराठी कानाला परका वाटत नाही. तापीकाठची रेल्वे धरून नंदुरबार, धुळे, जळगावकडची माणसे दोन-तीन पिढ्या इथे येत आहेत. गल्लीत अहिराणी ऐकू येते, महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, लग्नसराईत गाड्या भरून खानदेशाकडे जातात. त्यांच्या शेजारी ओडिशाच्या गंजामचे लूम कामगार, उत्तर प्रदेश-बिहारचे रंगारी. भेस्तान आवास या नावाने ओळखली जाणारी महापालिकेची घरकुलेही याच भागात आहेत. घर मिळाले ही मोठी गोष्ट आहे, पण ते कुठल्या हवेत मिळाले हाही प्रश्न आहेच. मुंबईतल्या माहुलच्या संदर्भात तो पुढे येईल.

या मिलांमध्ये काय जळते ते आधी पाहू. पॉलिस्टर रंगवायला वाफ लागते, कापड ताणून सुकवायला स्टेंटरला गरम तेल लागते. वाफेसाठी बॉयलर, तेलासाठी थर्मिक फ्लुइड हीटर. दोन्हींच्या पोटात जातो तो आयात कोळसा किंवा गुजरातच्याच खाणींतला लिग्नाइट. हा तपकिरी कोळसा स्वस्त असतो, पण त्यात ओलावा आणि राख जास्त, गंधकही बरेच. धूर चिमणीतून जाण्याआधी त्यातले कण पकडण्यासाठी सायक्लोन, बॅग फिल्टर, स्क्रबर अशी साधने लावतात. ती चालवायला वीज आणि माणूस लागतो, वेळच्या वेळी साफ करावी लागतात. बॅग फिल्टरची फाटलेली पिशवी बदलली नाही तर फिल्टर कागदावर राहतो आणि राख शेजारच्या गच्चीवर येते. भर पडते ती चिंदीची. कापडाच्या कात्रणांचे ढीग इंधन म्हणून किंवा नुसतेच विल्हेवाट लावायला जाळले जातात. पॉलिस्टर हे शेवटी प्लास्टिकच. त्याचा धूर कोळशाच्या धुरापेक्षा निराळा आणि जास्त झोंबणारा असतो.

ही राख डोळ्यांना दिसते म्हणून लोक तिच्याविषयी बोलतात. वाळत घातलेल्या कपड्यांवरची काजळी, सकाळी शिंकरल्यावर रुमालावर उतरलेला काळा डाग, याची तक्रार होते. खरे नुकसान न दिसणाऱ्या कणांचे. दहा मायक्रॉनपर्यंतचे कण नाक-घशाच्या पुढे श्वासनलिकेत उतरतात. अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे पीएम २.५ म्हणून ओळखले जाणारे कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात, आणि त्यांतले अगदी बारीक रक्तातही शिरतात. गंधकाचा डायऑक्साइड मुख्यतः नाक आणि वरच्या श्वासमार्गात शोषला जातो, दम्याच्या रुग्णाच्या नळ्या त्याने मिनिटांत आवळतात. हाच वायू हवेत पुढे जाऊन सल्फेटचे सूक्ष्म कण बनवतो, म्हणून एका वसाहतीतला गंधक दुसऱ्या गावात कण होऊन उतरतो. हिवाळ्यात सुरतेवर उत्तर-ईशान्येचा वारा असतो, पहाटे जमिनीलगतची थंड हवा वरच्या गरम हवेच्या झाकणाखाली अडकते आणि धूर वर जातच नाही. नैऋत्य वारे सुरू झाले की समुद्राकडून हवा येते, पाऊस कण धुऊन नेतो. म्हणून एकच वस्ती जुलैत मोकळा श्वास घेते आणि डिसेंबरात खोकते.

वर्षानुवर्षे असा मारा झाला की काय होते, याबद्दल विज्ञानात आता फारसा वाद उरलेला नाही. अमेरिकेतल्या सहा शहरांमधल्या आठ हजारांवर प्रौढांचा पाठपुरावा करणारा हार्वर्डचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान, वय, वजन या सगळ्यांचा हिशेब वजा केल्यावरही सर्वांत घाणेरड्या हवेच्या शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त निघाला. त्याहून मला भेस्तानच्या दृष्टीने मोलाचा वाटतो तो युटा राज्यातल्या एका खोऱ्याचा अनुभव. तिथला पोलाद कारखाना १९८६ च्या ऑगस्टपासून सुमारे तेरा महिने बंद होता. आर्डेन पोप या अर्थशास्त्रज्ञाने रुग्णालयांच्या नोंदी काढल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत ब्राँकायटिस आणि दम्यासाठी दाखल होणाऱ्या मुलांची संख्या बंद असलेल्या हिवाळ्याच्या दुपटी-तिपटीने होती. माणसे तीच, दऱ्याखोरी तीच, सवयी त्याच. बदलली होती फक्त चिमणी.

मुलांच्या बाबतीत दक्षिण कॅलिफोर्नियातला पाठपुरावा आणखी पुढे गेला. दहा ते अठरा या वयात फुप्फुसे झपाट्याने वाढतात. अठराव्या वर्षी ज्यांची फुप्फुसक्षमता अपेक्षेच्या ८० टक्क्यांखाली होती अशा मुलांचे प्रमाण स्वच्छ भागात १.६ टक्के, तर सर्वांत प्रदूषित भागात ७.९ टक्के आढळले. २००४ साली हे छापून आले. अकरा वर्षांनी त्याच गटाने दुसरी बातमी दिली. मधल्या काळात कायदे कडक झाले, हवा सुधारली, आणि नव्या पिढीतल्या मुलांची फुप्फुसे जास्त वाढली. पोरवयात हवा सुधारली तर वाढ सुधारते. मोठेपणी मात्र गमावलेली क्षमता परत येत नाही.

हे सगळे परदेशातले झाले, असे म्हणायचे कारण नाही. मराठी मुलखात या विषयाचा पाया केईएम रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी घातला. १९७७ पासून त्यांच्या गटाने मुंबईतल्या कमी-अधिक प्रदूषित वस्त्या आणि तुलनेला एक ग्रामीण भाग निवडून चार हजारांहून अधिक माणसे तपासली. गिरणगावची हवा घेणाऱ्यांना आणि चेंबूरकरांना खोकला, धाप, वारंवार सर्दी जास्त होती, फुप्फुसांचे मापही उतरलेले होते. भोपाळच्या वायुकांडानंतर तिथून मुंबईला आलेल्या बाधितांच्या तपासण्याही याच गटाने केल्या. साधी यंत्रे, दारोदार फिरणारे तपासनीस आणि तुलनेसाठी स्वच्छ हवेतले गाव, एवढ्या भांडवलावर ते काम उभे राहिले होते. सत्तरीच्या दशकात मुंबईला जे जमले ते आज सुरतेला जड जाऊ नये.

माहुलची गोष्ट जास्त ताजी आणि जास्त दुखरी. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्या, आणि त्या कुटुंबांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी बांधलेल्या इमारतींमध्ये नेऊन बसवले. केईएमच्या पाहणीत माहुल-आंबापाडा भागातल्या तपासलेल्या रहिवाशांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी महिन्यातून अनेकदा धाप लागत असल्याचे सांगितले होते. ही पाहणी राष्ट्रीय हरित लवादासमोर आली. लवादाने २०१५ साली तिथल्या हवेचा आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये चार कंपन्यांना मिळून २८६ कोटींची भरपाई ठोठावली. त्याआधी २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या कुटुंबांना दुसरीकडे राहण्यासाठी भाडे देण्याचा आदेश दिला होता. या निकालांमागे रहिवाशांचा लांबलेला लढा तर होताच, पण एका सार्वजनिक रुग्णालयाने त्यांच्या श्वासाची केलेली मोजदादही होती. तक्रार आणि पुरावा यांत जे अंतर असते ते त्या मोजणीने ओलांडले. भेस्तानकडे आज तक्रार आहे. तिथवरच गोष्ट थांबली आहे.

आता सुरतेत नेमके काय माहीत आहे ते पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ औद्योगिक पट्ट्यांना हवा, पाणी आणि जमीन मिळून गुण देते. सत्तरच्या वर गेलेला पट्टा अतिगंभीर प्रदूषित ठरतो. २०१८ च्या मोजणीत सुरत त्या वर्गात गेली. आपल्या तारापूरने तर ९३.६९ गुणांसह देशात पहिला नंबर लावला, तेव्हा महाराष्ट्राने गुजरातकडे बोट दाखवावे अशी स्थिती मुळीच नाही. त्यानंतर २०२४ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात दहा लाखांहून मोठ्या शहरांमध्ये सुरत पहिली आली. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात वाटतात, पण त्या वेगवेगळे मोजतात. सर्वेक्षणातले गुण मुख्यतः उपाययोजनांना असतात, म्हणजे रस्ते झाडणे, कचरा व्यवस्थापन, बांधकामाची धूळ, वाहने, उद्योगांवरची देखरेख. शहराने मेहनत घेतली हे त्यातून कळते आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण त्या गुणपत्रिकेत दम्याच्या किंवा ब्राँकायटिसच्या रुग्णांचा रकाना नाही. आपली मानकेही सैल आहेत. पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा भारतात दर घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपली शिफारस ५ वर आणली.

धुराच्या बाजाराआधी गुजरातमध्ये आणखी एक प्रयोग झाला होता, तो मराठी वाचकांपर्यंत फारसा पोचलेला नाही. कारखान्यांची पर्यावरण तपासणी खासगी लेखापरीक्षक करत, आणि त्यांना निवडायचा आणि पैसे द्यायचे ते कारखानदारच. अहवाल अर्थातच गोड यायचे, एकामागून एक आकडे मर्यादेच्या किंचित खाली. २००९ पासून अहमदाबाद-सुरत भागातल्या ४७३ कारखान्यांवर अर्थशास्त्रज्ञांनी गुजरात मंडळाच्या सहकार्याने चाचणी केली. निम्म्यांसाठी परीक्षक सोडतीने ठरवला, मानधन सामाईक निधीतून दिले, आणि काही ठिकाणी फेरतपासणी केली. खोटे अहवाल तब्बल ८० टक्क्यांनी घटले, आणि प्रदूषणही उतरले. २०१५ मध्ये मंडळाने नियम त्या धर्तीवर बदलले. माणसाला खरे बोलण्याची सोय करून दिली तर तो खरे बोलतो, हे एका सरकारी मंडळाने स्वतःवर प्रयोग करून घेऊन मान्य केले, याचे मला आजही कौतुक वाटते.

बाजाराची चाचणीही तितकीच काटेकोर होती. सुरत परिसरातल्या ३१७ कारखान्यांपैकी १६२ सोडतीने बाजारात घेतले, बाकीचे जुन्या पद्धतीवर ठेवले. बाजारातल्या मिलांचा धूर २० ते ३० टक्क्यांनी कमी झाला, नियमपालन जवळजवळ पूर्ण, आणि धूर कमी करण्याचा खर्चही उतरला. जुन्या पद्धतीखालच्या कारखान्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मर्यादा मोडत राहिले. मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे, निकोलस रायन आणि अनंत सुदर्शन यांनी हे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. खर्चाच्या किमान २५ पट फायदा होतो, असा त्यांचा हिशेब आहे. त्या फायद्याचा मोठा भाग म्हणजे वाचलेले आयुष्य, आणि ते आयुष्य सुरतेत मोजलेले नाही. इतरत्रच्या अभ्यासांवरून इतके कण घटले तर इतके मृत्यू टळतील, असे गणिताने काढलेले आहे. गणित बरोबर असेलही, मला ते बरोबर वाटते. तरी चिमणीवरचा प्रयोग एवढा काटेकोर आणि माणसावरचा परिणाम अंदाजाने, ही उणीव राहतेच. ज्या दोन गटांत कारखाने वाटले, त्यांच्या आसपासच्या शाळांत फुप्फुसक्षमता मोजणारे एकेक फुंकर-यंत्र नेऊन ठेवले असते तरी जगाला हेवा वाटावा असा पुरावा हाती आला असता.

शिवाय हा बाजार फक्त मोठ्या चिमण्यांमधले धूलिकण बघतो. गंधक आणि नायट्रोजनचे वायू त्यात नाहीत. उघड्यावर जळणारी चिंदी नाही, रंगातून आणि द्रावकांतून उडणाऱ्या वाफा नाहीत, टेम्पो-ट्रकचा धूर नाही. आणि खाडी तर मुळीच नाही. सुरतेत शहरातून वाहणाऱ्या ओढ्यांना खाडी म्हणतात. भेस्तान-पांडेसऱ्याच्या बाजूला भेदवाडची खाडी आहे. सांडपाण्यात सल्फाइड आणि आम्ल एकत्र आले की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते, म्हणून वास गेला म्हणजे धोका गेला असे वाटते आणि माणूस तिथेच कोसळतो. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिन वसाहतीत एका टँकरमधून नाल्यात रसायन सोडले जात होते. त्यातून उठलेल्या वायूने शेजारच्या मिलमधले सहा कामगार मेले, वीसहून अधिक रुग्णालयात गेले. तपासाचे धागे महाराष्ट्रातल्या तळोजा वसाहतीपर्यंत पोचले. राज्याची हद्द ओलांडून विष टाकायला आणले जाते, तेव्हा कुठल्या राज्याच्या मंडळाने जाब विचारायचा हा प्रश्न तिथे उघडा पडला. चिमणीवरचे कुठलेही यंत्र या सहा जणांना वाचवू शकले नसते.

एवढा जाच असून भेस्तानचे दुखणे आकड्यांत का दिसत नाही? पहिले कारण म्हणजे आजारी माणूस तिथे राहतच नाही. लूमवर बारा तास उभे राहवेना, जिना चढताना धाप लागू लागली, की शेठ दुसरा कारीगर बघतो आणि हा माणूस सामान बांधून गावी जातो. 'माले दम लागस' ही तक्रार मग शहाद्याच्या किंवा अमळनेरच्या दवाखान्यात होते, आणि तिथे कुणी विचारत नाही की बाबा, वीस वर्षे कुठल्या हवेत काढलीस. सुरतेत उरतात ते धडधाकट. त्यांना तपासले तर कामगार निरोगी निघतात. साथरोगतज्ज्ञ याला निरोगी कामगाराचा आभास म्हणतात, आणि स्थलांतरितांच्या शहरात हा आभास सर्वांत गडद असतो. माझ्या मते भेस्तानचा अभ्यास नंदुरबार-धुळ्यात शिरल्याशिवाय पुरा होणारच नाही. तिथल्या जिल्हा रुग्णालयांच्या केसपेपरवर सुरतेत केलेल्या कामाची एक ओळ लिहिली जावी, एवढी छोटी मागणी आहे.

दुसरे कारण दवाखान्यातले. दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हटला की थुंकीची तपासणी होते, आणि ती व्हायलाच हवी, कारण टीबी दाट वस्तीत आहेच. पण टीबी निघाला नाही की शोध तिथेच संपतो. खोकल्याचे औषध, पाच दिवसांची अँटिबायोटिक, कधी स्टेरॉइडचे इंजेक्शन, आणि रुग्ण कामावर. दमा की सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा आजार, हे ठरवायला स्पायरोमेट्री लागते. खोल श्वास घेऊन जोराने नळीत फुंकायचे, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती आली याचे गुणोत्तर काढायचे. ते नळ्या मोकळ्या करणारे औषध दिल्यावरही ०.७० च्या खाली राहिले तर नळ्या कायमच्या अरुंद झालेल्या. रक्तदाबाचे यंत्र जसे प्रत्येक दवाखान्यात असते तसे हे यंत्र नसते. निदान झालेच तरी पंपाची भीती आडवी येते. एकदा पंप लागला की सुटत नाही, पोरीच्या हातात पंप दिसला तर लग्न जमणार नाही, ही बोलणी घराघरांत आहेत. प्रत्यक्षात फवाऱ्याने औषध थेट नळ्यांत जाते, गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रेत काम भागते. साल्ब्युटामॉल आणि बुडेसोनाइड ही औषधे राष्ट्रीय अत्यावश्यक यादीत आहेत. महापालिकेच्या दवाखान्यात ती अखंड मिळाली तर पुष्कळ रात्री सुखाच्या जातील.

तिसरे कारण कायद्यातले. कारखान्यात जडलेले ठरावीक आजार डॉक्टरने सरकारला कळवलेच पाहिजेत, हे १९४८ च्या कारखाना कायद्यापासून आहे आणि त्याच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे. कामाच्या जागी असलेल्या द्रव्यांमुळे झालेला दमा भरपाईच्या कायद्याच्या यादीत आहे. रिअ‍ॅक्टिव्ह रंगांच्या पुडीने रंगखात्यातल्या कामगारांना दमा होतो, हे वैद्यकशास्त्राला अनेक दशके ठाऊक आहे. पण कंत्राटी कामगाराकडे ओळखपत्र नसते, पगार रोखीत असतो, हजेरी मुकादमाच्या वहीत. आपण त्या रंगखात्यात होतो हेच त्याला सिद्ध करता येत नाही, मग दमा तिथेच झाला हे कसे करणार?

कारखानदारांचा एक मुद्दा ऐकून घेण्यासारखा आहे. त्यांचे म्हणणे, बिड्या, चुली, मच्छर अगरबत्त्या यांच्याकडे बघा, सगळे आमच्या माथी का? यात तथ्य आहे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये काम केलेले डॉ. संदीप साळवी गेली कित्येक वर्षे हेच सांगत आले आहेत की सीओपीडी हा फक्त सिगारेटवाल्यांचा आजार नाही. बंद खोलीत रात्रभर जळणारी मच्छर कॉइल शंभराच्या आसपास सिगारेटींएवढे सूक्ष्म कण सोडते. दहा बाय दहाच्या खोलीत पाळी बदलून सात-आठ जण झोपत असतील, तर तिथल्या हवेचे काय होत असेल ते कुणीही समजू शकते. २०१६ च्या देशव्यापी अंदाजानुसार भारतात साडेपाच कोटी लोकांना सीओपीडी होता. त्या आजाराच्या ओझ्यातला निम्म्याहून अधिक वाटा घरातल्या-बाहेरच्या प्रदूषित हवेचा, तंबाखूचा चौथा हिस्सा, आणि कामाच्या जागेचा साधारण सहावा. भेस्तानमध्ये हे तिन्ही एकाच माणसाच्या छातीत भेटतात. म्हणून कुणाचा वाटा किती हे वेगळे काढणे अवघड जाते, पण कारखान्याचा वाटा शून्य ठरवायला याचा आधार घेता येत नाही. उलट, आधीच बिडी आणि कॉइलने सुजलेल्या नळ्यांवर चिमणीचा धूर जास्त जड पडतो.

वाटा वेगळा काढायची एक वाट आहे, आणि ती बायकांमधून जाते. या वस्त्यांमधल्या बहुतेक बायका बिडी-सिगारेट ओढत नाहीत, मिलमध्येही जात नाहीत. दिवसभर घरात असतात, साड्यांना टिकल्या-खडे चिकटवणे, लेस लावणे, धागे कापणे अशी कामे घरबसल्या करतात. कुठे गॅस आला आहे, कुठे अजून स्टोव्ह आहे, कुठे चिकटवायच्या गोंदाचा वास आहे, हे सगळे विचारून नोंदता येते. एवढे वजा करून जे उरेल ती वस्तीची हवा. पुरुषांच्या तपासणीतून जे कधीच स्वच्छ दिसणार नाही ते त्यांच्या श्वासातून दिसेल. आजवर या विषयावर बोलताना कामगार म्हटले की पुरुषच डोळ्यांपुढे येतो, आणि चोवीस तास तीच हवा घेणारी त्याची बायको मोजणीबाहेर राहते. हे मला सर्वांत जास्त खटकते.

सुरतेला मोजता येत नाही असे तर कुणीच म्हणणार नाही. १९९४ च्या सप्टेंबरात इथे प्लेग आला, तोही फुप्फुसांचा. त्याच्या आधी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामल्याला गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले होते. लाखो लोक सुरत सोडून पळाले, खानदेशाकडच्या गाड्या माणसांनी फुटायला आल्या. त्या हादऱ्यानंतर १९९५ पासून एस. आर. राव यांच्या आयुक्तपदाच्या काळात शहर धुऊन निघाले, आणि रोगांवर रोज नजर ठेवायची शिस्त लागली. कुठल्या वॉर्डात तापाचे किती रुग्ण, कुठे हिवताप, पावसाळ्यात कुठे लेप्टो, याची नोंद ठेवणारे महापालिकेचे जाळे देशात वाखाणले गेले. त्याच जाळ्यात धाप, दमा, रात्रीचा खोकला, नेब्युलायझर लावावा लागलेला रुग्ण एवढे चार रकाने वॉर्डनिहाय घालता येतील. केंद्राच्या कार्यक्रमाखाली निवडक शहरांतल्या रुग्णालयांत तीव्र श्वसनविकारांची नोंद होते, पण ती रुग्णालयाच्या दारात होते. रुग्ण पांडेसऱ्याच्या चिमणीपासून किती अंतरावरून आला, हे त्यात उतरत नाही.

दर वर्षी सुरत स्वतःवर एक प्रयोग करतेही. दिवाळीनंतर मिला आणि लूम दोन-तीन आठवडे बंद असतात. बॉयलर थंड होतात, बहुतेक कामगार गावी जातात. युटाच्या खोऱ्यात जे तेरा महिने घडले ते इथे लहान प्रमाणात दर कार्तिकात घडते. फटाक्यांचा धूर सुरुवातीचे काही दिवस गोंधळ घालेल, ते दिवस सोडून द्यावेत. गावी न जाता इथेच राहणाऱ्या कुटुंबांतली मुले घ्यावीत. साधा पीक फ्लो मीटर हातात मावतो आणि काहीशे रुपयांना येतो. मुलाने सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकायचे आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. मिला बंद असतानाचे आकडे आणि त्या पुन्हा चालू झाल्यावरचे आकडे शेजारी शेजारी मांडले की पालकांना, महापालिकेला आणि मिलमालकांनाही त्यावर बोलता येईल. अशी तुलना एका हिवाळ्यावर सोडू नये, लागोपाठ तीन-चार दिवाळ्या करावी, म्हणजे एखाद्या वर्षीची थंडी किंवा तापाची साथ निकाल बिघडवणार नाही.

लांब पल्ल्याच्या तपासणीसाठी महापालिकेच्या शाळा हाताशी आहेत, मराठी, गुजराती, हिंदी, उडिया अशा सगळ्या माध्यमांच्या. पाचवीतल्या मुलांची स्पायरोमेट्री, उंची आणि वजन एकदा, आणि तीच मुले नववीत गेल्यावर पुन्हा. भेस्तान-पांडेसऱ्याच्या शाळांबरोबर कारखान्यांपासून दूर असलेल्या, पण घरची स्थिती तितकीच बेताची असलेल्या भागातल्या शाळा तुलनेला घ्याव्या लागतील. सुरतेत नवी सिव्हिल आणि स्मीमेर ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, श्वसनविकारांचे पदव्युत्तर विद्यार्थी दर वर्षी प्रबंधाला विषय शोधत असतात. व्यवसायजन्य आरोग्याची राष्ट्रीय संस्था अहमदाबादेत आहे. खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांच्या सिलिकोसिसवर तिने काम केलेले आहे, तेव्हा तिला अशा वस्त्या नव्या नाहीत. धुराच्या बाजारात जो दंड जमा होतो त्यातला थोडा वाटा या तपासण्यांना आणि दवाखान्यांतल्या पंपांना देण्यात कुणाचेच नुकसान नाही. पहिली फेरी पावसाळा संपताच, वारा फिरायच्या आत घ्यावी लागेल, म्हणजे मुलांचे वर्षातले सर्वांत चांगले माप हाती राहील आणि जानेवारीतले माप त्याच्याशी ताडून बघता येईल.